हॉलमधला टीव्ही आणि बाबांचा प्लेअर

आधीच सांगते — असले अनुभव मी चहासोबत हसत वाचणाऱ्यांपैकी. माझं कामच कंपन्यांमध्ये नेटवर्क जोडून द्यायचं. वायर काढली की सिग्नल संपला, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

आमचं घर पडेगावला. आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती. मग प्लॉटिंग झालं, रो-हाऊस उठली, पाणी मात्र होतं तेवढंच. दुष्काळाच्या त्या वर्षांत नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही कधी कधी चुकायचा. नळावर लक्ष ठेवायचं काम बाबांचं. तोटीतून हवा फुसफुसायला लागली की अंगणातून हाक यायची — "आगं, नळ आला." आई हातातलं टाकून धावायची. तव्यावर पोळी जळाली तरी चालेल, पाणी जायला नको, हा आमच्या घरचा कायदा.

बाबांना दुसरा नाद व्हिडिओ काढायचा. देवगाव रंगारीच्या आमच्या शेतातला हुरडा, माझे वाढदिवस, मावशीचं लग्न — सगळं त्यांनी कॅमेऱ्यात भरून ठेवलेलं. मी ते वरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून त्याचा मीडिया सर्व्हर केला. एक प्लेअर हॉलच्या टीव्हीला, एक बाबांच्या खोलीत, म्हणजे कुठेही बसून काहीही बघता यावं. त्यांना नावं दिली ‘हॉल’ आणि ‘बाबा’. बाबा एकदम खूश होते.

पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. हार्ट अटॅक... दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

तेरावं झाल्यावर आईने एकच गोष्ट मागितली. "त्यांचा आवाज लाव गं एकदा." मी एकेक व्हिडिओ तपासला. बाबा कुठेच नव्हते. कॅमेरा कायम त्यांच्या हातात, आणि शूटिंग खराब होतं म्हणून ते तोंडातून शब्द काढायचे नाहीत, नुसत्या हाताने खुणा करायचे. आई तरी रोज दुपारी बघत बसायची. कुठंतरी चुकून बोलले असतील, म्हणायची. मला ते बघवायचं नाही. त्यांच्या खोलीतला प्लेअर मी काढला आणि वायर गुंडाळून कपाटात ठेवला.

एका रविवारी दुपारी आई हुरड्याचा व्हिडिओ बघत होती, मी शेजारी मेथी निवडत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात पट्टी आली — ‘बाबा’ जोडला आहे. मला वाटलं, सर्व्हरमध्ये काहीतरी जुनं अडकलंय, रिस्टार्ट करावा. तेवढ्यात चित्र थांबलं आणि टीव्हीतून आवाज आला.

"आगं, नळ आला."

बाबांचाच. नेहमीसारखा, किंचित वैतागलेला.

"आले, आले," म्हणत आई उठली आणि पळालीच अंगणात. तिच्यामागे मी. पाण्याचा वार नसताना नळाला खरंच धार लागली होती. आईने हंडे लावले, मी ड्रम ओढला... दोघी सवयीने भरत सुटलो. दोन-तीन हंडे भरले असतील, आणि आईचे हात थांबले. भरता हंडा तसाच टाकून ती आत धावली. टीव्हीवर हुरडा पुन्हा सुरू झाला होता. बाबांचा आवाज नव्हता.

नळाचं कारण कळलं. कुणीतरी व्हॉल्व्ह चुकून उघडला होता, सगळ्या गल्लीला पाणी आलं. ते सोडा. पण प्लेअर कपाटातच होता, वायर गुंडाळलेला. तो व्हिडिओ मी कितीदा लावला, त्यात हाक नाही. सर्व्हर उलटापालटा करून पाहिला, हाती काही लागलं नाही. भास म्हणावा, तर दोघींना एकदम कसा? मला आजही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी आई ओल्या पदरानेच बसून होती. "पुढं काही बोलले असतील का गं?" म्हणाली. "पाणी काय, परत आलं असतं. म्या उठायला नको व्हतं." मला रडू आवरलं नाही.

बाबांच्या खोलीतला प्लेअर मी परत जोडून दिलाय. छान चालतो. आता नळ आला की हंडे मी एकटीच भरते. आई टीव्हीसमोरून उठत नाही.