दोन शब्दांचा संवाद
तांदळाच्या पिठाचा डबा उघडला की मला मांद्र्यातलं ते शूटिंग आठवतं, कारण नटांचे केसांचे टोप पांढरे दिसावेत म्हणून त्यांवर तेच पीठ भुरभुरवलं होतं. गोवा राज्य झालं त्यानंतरचा हिवाळा होता आणि सिनेमा अठराव्या शतकातला, दुर्बिणीतून तारे बघणाऱ्या एका पोर्तुगीज विद्वानाच्या खुनाचा. माझे बाबा दशावतारात राजा व्हायचे. इथे त्यांना त्या विद्वानाच्या नोकराचं काम मिळालं. धावत येऊन "मालक गेले" एवढंच म्हणायचं. मी कॉलेजला होते, सुट्टी म्हणून सोबत गेले. पहिल्यांदा बाबा म्हणाले, "मालक गेले, आभाळातला एक तारा कमी झाला!" दिग्दर्शकाने थांबवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी समुद्राला साक्षी ठेवलं, तिसऱ्या वेळी मालकाच्या आईला हाक मारली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ते उभ्या उभ्या सुचावे लागतात, आणि कालचंच आज बोलणारा नट कच्चा समजतात, हे मला सांगायचं होतं. पण दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडत होता आणि मी गर्दीच्या मागेच उभी राहिले. शेवटी तो संवाद शूटिंगच्या जीपच्या ड्रायव्हरला दिला. घामाने गालांवर चिकटलेलं पीठ पुसत बाबा म्हणाले, "दोन शब्दांत माणूस मरता काय गो?" त्या वर्षी जवळच्या पार्श्याच्या जत्रेतल्या दशावतारात राजाचा मुकुट चढवून ते पडद्यामागेच थबकले आणि मला विचारलं, "बाय, नेमकां काय बोलूचां?" आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि तेव्हा त्यांना काय सांगायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.