कौसल्याबाईंनी मुंडी हलवली नाही

धंतोलीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आयाचं काम केलेल्या कौसल्याबाई डॉक्टरांना घाबरत नाहीत. त्या घाबरतात सक्करदऱ्यातल्या आपल्या गल्लीला. मागं काही सर्वेवाल्यांनी त्यांच्या शब्दावर अख्ख्या गल्लीचं रक्त नेलं आणि निकाल सांगायला कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून शेजारची सुभद्रा नळावर विचारायची, "काहून वं, आमचं रक्त कुठी गेलं?"

अशात सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या नव्या गोळीचा अभ्यास निघाला आणि वस्तीच्या वतीनं बोलायला बाईंना सल्लागार मंडळावर घेतलं. रामदासपेठेत गारेगार हॉल, समोर पडदा, त्यावर 'यादृच्छिक' असा शब्द, मराठीच्या मास्तरालाही चष्मा पुसायला लावेल असा. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर कामिनी दर पानाला विचारायच्या, समजलं ना? नऊ मुंड्या हलायच्या. समोसेही आले होते म्हणा. दहावी मुंडी मात्र हलेना.

"मॅडम, मुंडी हलवली म्हंजे समजलं असं नाही," बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसाले नाही कसं म्हणाव, म्हणून हलवतेत. आता तुमचंच काम माह्या तोंडून ऐका. चुकलं तं टोका."

आणि सांगितलं: अर्ध्यांना नवी गोळी, अर्ध्यांना जुनी, नवी कुणाला, तर ज्याची ओळख त्याला.

डॉक्टर दचकल्याच. नाही हो, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं.

"मंग चिठ्ठ्या म्हणा ना."

पडदा तिथंच बंद झाला. बाईंनी आणखी एक अट घातली: निकाल काहीही लागो, आधी गल्लीत येऊन सांगायचा. पुढच्या बैठका सक्करदऱ्याच्या बुद्धविहारात, रविवारी, बायकांची धुणीभांडी उरकल्यावर. दर वेळी गल्लीतल्या कुणीतरी सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि डॉक्टरांनी चुका काढायच्या. अर्ध्या वेळा चूक डॉक्टरांच्याच सांगण्यात सापडायची, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांनी निकाल आला. नवी गोळी जुनीपेक्षा काही सरस नव्हती. त्या रविवारी बाई विहारात सगळ्यात मागं बसल्या. डॉक्टर येतात की चिठ्ठी पाठवतात, कुणी सांगावं? डॉक्टर आल्या. गोळी फसली, हे त्यांनी चार सरळ वाक्यांत सांगितलं आणि सवयीनं विचारलं, समजलं ना?

एकही मुंडी हलली नाही. सुभद्रा उठली, चिठ्ठ्यांपासून निकालापर्यंत सगळं न अडखळता बोलली आणि वर म्हणाली, "गोळी नाही चालली. पण ह्या बाईनं आणलेली डॉक्टरीण वापस आली, हे लिवून ठेवा."

डॉक्टरांनी मागं पाहिलं. कौसल्याबाई पदर सावरत, अगदी सावकाश, मुंडी हलवत होत्या.