औषध सुटल्याचा व्हिडिओ
दिल्लीला करोल बागेत गाडीसाठी रबरी मॅट घेताना रबराचा तो वास आला. काही वर्षांपूर्वी फरीदाबादच्या एका रुग्णालयाच्या तळघरातल्या व्यायामाच्या खोलीत असाच वास कोंडलेला असायचा, घामाने आंबलेला. बाबांचं हृदय अशक्त झालं होतं. अशा माणसांच्या शरीरात आतल्या आत दाह, म्हणजे एक प्रकारची सूज, धुमसत राहतो, झेपेल तेवढा व्यायाम नेमाने केला तर तो कमी व्हायला मदत होते, पण औषधं घेऊनच, असं डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. म्हणून कुणाच्या तरी घामाने चिकट झालेली सायकलची मूठ पुसून बाबा पेडल मारायचे. एक दिवस तिथला ट्रेनर मोबाइल रोखून म्हणाला, “अंकल, स्माइल! बोलिए, एक्सरसाइज से सूजन गई, दवाई छूट गई.” बाबा धापा टाकत म्हणाले, “दवाई चल रही है. झूठ नहीं बोलूँगा.” तो खी खी हसला आणि शेजारच्या सायकलवरच्या आजींकडे वळला. त्यांनी लाजत तेच वाक्य म्हटलं. मला शिसारी आली. तो गेल्यावर बाबांनी त्यांना विचारलं, “सच में छोड़ दी?” “अभी नहीं,” त्या म्हणाल्या, “पर ट्रेनर साहब कह रहे हैं, तो कल से छोड़ दूँगी.” बाबांनी त्यांना तसंच वर डॉक्टरबाईंकडे नेलं, म्हणून त्यांची औषधं चालू राहिली. तो व्हिडिओ मात्र परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. आजी अजून लाजून हसतायत, आणि खाली कुणीतरी विचारलंय, ‘हमारे पापा की भी छूट जाएगी?’