शेवंतीच्या शेपटीवर बीपीचा पट्टा

डॉक्टरबाईंनी बीपीचा पट्टा काढला, तेव्हा सवयीने मीच बाही सारून हात पुढे केला. बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही न पाहता तो माझ्या घोडीच्या शेपटीच्या बुडाशी गुंडाळला. अंगणात जमलेलं अर्धं खटकचिंचोळी हसलं. घोड्याचं ब्लडप्रेशर शेपटीतल्या धमनीवर मोजतात, हे त्या दिवशी आमच्या गावाला कळलं.

हसू लगेच विरलं. "प्रेशर जास्त आहे," बाई म्हणाल्या. "दुखण्यानंही वाढतं. पण हा लॅमिनायटिस आहे, आणि मला इन्शुलिनचा संशय येतोय."

लॅमिनायटिस म्हणजे खूर आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या थराची सूज. तो थर सुटला की हाड खाली सरकतं.

"मग?"

"मग तिला उभं राहता येणार नाही, अण्णा. आणि उभा न राहू शकणारा घोडा..."

एरवी कुणाचंही वाक्य मी पुरं करतो. ते केलं नाही.

शेवंती माझी वरातीची घोडी. भालकीपासून संतपूरपर्यंत कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवर बसून थरथरले आहेत. लग्नसराई संपता संपता ती पुढचे पाय लांब टाकून मागे रेलू लागली, जेवून लोडाला टेकलेल्या व्याह्यासारखी. खूर गरम लागत होते. मानेवर चरबीची कडक वळी होती. तिला आम्ही रुबाब समजत होतो.

इकडे वरात दारात आली की बायका घोडीला गूळ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवतात. एकीने भरवलं की दुसरी मागे राहत नाही. शेवंती लंगडू लागल्यावर तर समाचाराला येणारी प्रत्येक बाई पदराखाली गूळच घेऊन आली. सगळ्यांत पुढे शेजारची गुंडम्मा अक्का.

शेवंतीचं रिकाम्या पोटी रक्त काढून ते तपासायला बाई बीदरला गेल्या. आमचं अंगण म्हणजेच वेटिंग रूम झालं. खुरांना बर्फ, पायाखाली मऊ वाळू, दुखण्याचं औषध. शेवंती हलली की मी उठायचो. ती थांबली की बसायचो.

रिपोर्टात इन्शुलिन रेझिस्टन्स निघाला. म्हणजे इन्शुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही. मग ते आणखी आणखी सुटतं आणि खुराला बाधतं. बाई म्हणाल्या, "इन्शुलिनचं ऐकलं जातं तेव्हा रक्तवाहिन्या सैल राहतात. नाही ऐकलं तर त्या आवळतात, प्रेशर चढतं. घोड्यात ही दोन्ही पुष्कळदा जोडीनं दिसतात. कोण कुणाला ओढतं, हे अजून पक्कं सांगता येत नाही."

आमच्या भावकीच्या भांडणासारखंच.

गूळ बंद, डाळ बंद, उसाचं वाडं बंद. वाळलेलं गवत पाण्यात भिजवून, निथळून, मापाने द्यायचं. "पण उपाशी ठेवू नका, त्यानं वेगळंच दुखणं उभं राहतं," असंही त्यांनी बजावलं.

गुंडम्मा अक्का उसळली. "लेकराचा पाय दुखायलाय, अन् त्वांड गोड करू नको म्हणायलाव? कामून?"

"अक्का, तिला शुगरसारखं झालंय."

"तुमाला बी हाय की! तुमी तर माझ्या घरी येऊन होळग्या हाणायलाव!"

बाई तोंड फिरवून हसल्या. त्या दिवसापासून पुरणाच्या होळग्या माझ्याही बंद झाल्या. पथ्याला जोडीदार मिळाला, तोही चार पायांचा.

हळूहळू खूर गार पडले. शेवंती सरळ उभी राहू लागली. बाईंनी पुन्हा शेपटीला पट्टा गुंडाळला. "उतरलंय," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्या पाया पडता पडता शेवंतीच्याच पाया पडलो.

पुढे गुंडम्मा अक्काच्या नातवाचं लग्न आलं. पाठीवर कुणी बसायचं नाही, शेवंतीने मानाला दारात फक्त उभं राहायचं, एवढीच बाईंची परवानगी होती. अक्का गुळाचं ताट घेऊन आली. शेवंतीने ओठ लांबवले. मी लगाम आवळून धरला.

अक्काने गूळ तिच्या तोंडावरून ओवाळला आणि गर्रकन वळून नातवाच्या तोंडात कोंबला. "तुझं पथ्य हाय गं माय. ह्यो खातो तुझ्या वाटणीचं."

शेवंती चिडली. पुढचा पाय, तोच, जो टेकवताना तिचं अंग थरथरायचं, तिने उचलला आणि फरशीवर खाडकन आपटला.

मी डॉक्टरबाईंना फोन लावून, 'ऐका' म्हणत तो फरशीजवळ धरला. "अक्का," म्हटलं, "तिला गूळ परत एकदा दाखवा."