दोन जावांची शिवणबोली

गिऱ्हाइकासमोर चुका बोलता याव्यात म्हणून दोघी जावांनी आपल्या शिवणाच्या दुकानात स्वतःची बोली रचली होती. बाही म्हणजे लिमू, कॉलर म्हणजे केमू, आणि जे बिघडलं असेल त्याच्या शेवटी ‘टा’ जोडायचा. पण मशीनच्या घाईत ‘लिमूटा’चं ‘लिम्वटा’ कधी झालं, ते दोघींनाही कळलं नाही.

थोरलीची नजर अधू झाली नि ती घरी बसली. आता ही बोली बोलायची कुणाशी, याची धाकटीला रुखरुख लागली. तिने नव्या सुनेला शब्द शिकवले, तर सून म्हणाली, “लिमूटा.”

“अगं, लिम्वटा!”

“का पण, आई?”

“मला काय ठाऊक! जीभ तशी वळते.”

एके दिवशी धाकटी गिऱ्हाइकाच्या हाती शर्ट देणार, इतक्यात मागे बटणं लावत बसलेली सून सहज म्हणाली, “आई, केम्वटा.”

कॉलर खरंच तिरकी होती. “इस्त्री राहिलीय, उद्या या,” म्हणत धाकटीने शर्ट मागे घेतला. गिऱ्हाईक जाताच ती सुनेकडे वळली.

“मी तर फक्त लिम्वटा सांगितलं होतं. केम्वटा तुला कुणी शिकवलं गं?”

“कुणी नाही. तसाच तोंडात आला.”

धाकटीने थोरलीची रिकामी खुर्ची पुढे ओढली. “ये, बस इथे.”