कठड्याचे दगड

टँकर मागे घेताना ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहतो, त्या आवाजानं मला घाम फुटायचा. छाती धडधडायची, हात गार पडायचे. आमच्या भागात उन्हाळा लागला की आजही टँकर येतात, त्यामुळे हे दर वर्षाचं दुखणं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "हृदय चांगलं आहे काका, मनाच्या डॉक्टरांना भेटा." त्यांनीच एका बाईंकडे पाठवलं. हलत्या बोटांवर नजर ठेवायला लावून त्या जुनी भीती कमी करतात, असं कळलं.

बायको म्हणाली, "डोळे फिरवून रोग जातो व्हय? मग तुमच्या संसारात माझे इतक्यांदा फिरले, मी तर ठणठणीत पाहिजे."

पण रिक्षात ती माझ्याबरोबर बसली. तिच्या धाकट्या बहिणीचं मरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून मला हे होतं, असं ती सगळ्यांना सांगायची. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कुणाला न सांगताही यातून सुटता येईल, या आशेवर मी निघालो होतो.

बाई मुलीच्या वयाच्या होत्या. आधी त्यांनी डोळे मिटून मनाला बरं वाटणारी एखादी जागा आठवायला सांगितली. मी पटकन म्हणालो, "आमच्या दारातली पायरी." संध्याकाळी मी तिथंच चहा घेत बसतो. शब्द तोंडातून गेला आणि मी डोळे उघडले. मी म्हणालो, "नको, दुसरी जागा घेतो." दुसरी सुचेना.

मग त्यांनी सगळ्यात वाईट चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगितलं, आणि ते पाहताना स्वतःबद्दल काय वाटतं, तेही. मी म्हणालो, "ती विहिरीत पडताना दिसते. मला तिला वाचवता आलं नाही, असं वाटतं." बाई दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढून डावीकडून उजवीकडे नेत, परत आणत. मान न हलवता मी त्यांच्यामागे नजर नेत होतो. बोटं थांबली की त्या म्हणत, "श्वास घ्या. आता काय येतंय?" आणि त्रास शून्य ते दहामध्ये किती, ते विचारत. महिना गेला, दुसरा गेला, आकडा आठाच्या खाली येईना.

आता उरलेलं अर्धं लिहितो.

चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मी जवळच प्लॉट घेतला होता. तेव्हा शहर आमच्यापर्यंत नुकतं येत होतं. शेतं मोडून प्लॉट पडलेले, नळ नाहीत, आणि मधोमध शेतकऱ्याची जुनी विहीर तशीच राहिलेली. दुष्काळात ती कोरडी पडली. टँकर आला की ड्रमांवरून मारामाऱ्या व्हायच्या. मी सुचवलं, टँकर विहिरीत ओतायचा आणि ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं. खेड्यात असंच करतात. सगळ्यांना पटलं. वस्तीत माझं वजन वाढलं.

पहिल्याच रविवारी, भर दुपारी, ड्रायव्हर म्हणाला, "साब, दीवार आड आरी. पाइप पूरता नै."

"किती कमी पडतो?"

"थोडाच. पन सब पानी बाहर जाता."

लोक घराघरांत झोपलेले होते. मी पहार आणली आणि रस्त्याकडच्या बाजूचा कठडा गुडघ्याच्या खाली येईपर्यंत काढला. ड्रायव्हरनं हात लावला. पाइप बसला. चांगले घडीव दगड होते, टाकवेनात. संध्याकाळी ते सायकलवरून घरी आणले आणि दारात पायरी बसवली. तोवर आम्ही विटांवर पाय देऊन घरात चढायचो. बायको खूश झाली, दगड कुठले ते तिनं विचारलं नाही.

जिथं कठडा नव्हता तिथूनच वाकून शेंदायला सोपं पडायचं. म्हणून सगळे तिथंच गर्दी करू लागले. मला ते दिसत होतं. पुढच्या रविवारी दुरुस्त करू, असं मी रोज म्हणायचो.

मेहुणी कॉलेजसाठी आमच्याकडे राहायची. सासूबाई बिडकीनकडून चार दिवसांसाठी आल्या होत्या. टँकर आला तशा त्या म्हणाल्या, "पळ गं बाय, लवकर जा. मागून गेलं की समदं गढूळ पाणी येतंय." ती बादली-दोर घेऊन पळाली. मी विहिरीवरच उभा होतो, ओळ लावा म्हणून ओरडत होतो. मागून गर्दीचा लोट आला आणि कठडा नव्हता तिथून ती आत गेली. तळाला गुडघाभर पाणी होतं, खाली खडक.

पंचनाम्याला आलेल्या जमादारानं विचारलं, "कठडा कधी पडला?" मी म्हणालो, "आधीपासूनच पडका आहे." खरं ठाऊक असलेल्या ड्रायव्हरला त्याआधीच दुसऱ्या मार्गावर लावलं होतं. प्रश्न तिथंच संपला.

सासूबाई मग आमच्याकडेच राहिल्या. दारातल्या त्याच पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "म्याच धाडलं तिला." त्यानंतर त्यांनी घरात कुणालाही काही आणायला पाठवलं नाही. तांब्याभर पाणी लागलं तरी स्वतः उठायच्या. बायकोचाही आईवर राग होता. रागावली की म्हणायची, "तुला घाई कशाची झाली होती?" मी शेजारी पेपर वाचत असायचो. त्या वारल्या तेव्हाही मी काही बोललो नाही.

चूक सासूबाईंची नव्हती. कठडा मी काढला होता.

हे मी पहिल्यांदा त्या बाईंना सांगितलं. एके दिवशी बोटं थांबवून त्यांनी विचारलं, "काका, आपण दुसऱ्याच चित्रावर काम करतोय का?" तेव्हा ते बाहेर पडलं. पुढच्या काही खेपांना पहार दिसली, दगड दिसले, आणि आकडा खरंच उतरला. आता टँकरचा हॉर्न वाजतो आणि छाती शांत असते. मी विचारलं, "मग मनावरचं हे बाकीचं ओझं कधी जाणार?" बाई म्हणाल्या, "भीती कमी करता येते, काका. जे तुम्ही केलं ते केलंच. ते कुणाला सांगायचं, हे तुम्हीच ठरवा."

त्या संध्याकाळी बायको पायरीवर मेथी निवडत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पायरीचंही सांगितलं. तिचे हात थांबले.

"आईला ठाऊक होतं?"

"नाही."

"एकदा तरी सांगायचं होतं तिला." मग म्हणाली, "मी काय काय बोलले तिला."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती मेथी उचलून आत गेली. विहीर कधीच बुजली, तिच्यावर चार मजली इमारत आहे. सासूबाई नाहीत. माफी मागायची तर कुणाची, हे मला कळत नाही.

जेवण वेळेवर मिळतं. औषधाची आठवणही ती करते. पण त्या दिवसापासून ती मागच्या दारानं ये-जा करते. मागचा उंबरा उंच आहे, तिचे गुडघे दुखतात, भिंतीला धरून उतरते. मी म्हणालो, गवंडी बोलावून पुढची पायरी काढून टाकतो.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही बसा तिथं."

मी रोज बसतो.