पायांवर पाणी

शनिवार-रविवार साधून आत्याला घेऊन आम्ही घरचे सगळे गावच्या जत्रेला गेलो. वैशाखातली दुपार, तापलेलं डांबर आणि पालखीचे भोई नेहमीसारखे अनवाणी. पूर्वी पालखी पेठेत आली की प्रत्येक दारातून कुणीतरी तांब्या घेऊन यायचं आणि भोयांच्या पायांवर पाणी घालायचं. आता ती दारंच राहिली नाहीत. घरं पाडून काचेची दुकानं झालीत. तरी आत्याचं दार होतं तिथे भोई सवयीने थांबले आणि आलटूनपालटून पाय उचलत उभे राहिले. काचेआड गारव्यात बसलेले लोक त्यांचे फोटो काढत होते.

पेठ सुधारली, असं जो तो सांगतो. पोळलेल्या पायांना जिथे पाणी मिळत नाही, ती पेठ कसली सुधारली?

आत्या दुकानात जाऊन पाणी मागू लागली.

"आजी, इथे पाणी सांडू नका. फरशी नवीन आहे," दुकानदार म्हणाला.

"पाय भाजतायत त्यांचे."

"मग त्यांना पुढे जायला सांगा ना."

आत्याने बाहेर येऊन आमच्या प्रवासाच्या बाटल्या घेतल्या, भोयांना दुकानापुढच्या फरशीवरच बोलावलं आणि एकेकाच्या पायांवर सावकाश पाणी घातलं. ओघळ थेट काचेच्या दारापर्यंत गेला. मला फार बरं वाटलं.